सुट्टीत हाताला काम

जर्मनीला निघण्याआधी थंडीबद्दल मला सगळ्यांनी सांगितलं. थर्मल इथूनच ने, बूट तिकडे घे, कानटोपी विसरू नकोस. सुट्टीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. खरं तर थंडीचं फारसं काही नसतं. दार लावलं की ती बाहेर राहते, आणि जर्मन घरं आपल्या घरांपेक्षा कितीतरी उबदार असतात. डिसेंबरात पहाटे सांगलीच्या घरात फरशीवर पाय ठेवताना जो शहारा येतो तो मला ड्रेस्डेनच्या होस्टेलात कधी आला नाही. सुट्टी मात्र थेट खोलीत येऊन बसते आणि काय करणार आहेस म्हणून विचारत राहते.

पुण्याच्या कॉलेजमधून एक्स्चेंजवर मी २०२३ च्या हिवाळी सत्राला ड्रेस्डेनला गेले. तिथलं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं, लेक्चर्स फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतात आणि मग परीक्षा. मधोमध नाताळाची साधारण दोन आठवड्यांची सुट्टी. ना धड सत्र संपलेलं, ना परीक्षा लागलेली. प्राध्यापक शेवटच्या लेक्चरला हसतमुखानं 'सुट्टी मजेत घालवा' म्हणतात आणि त्याच दमात दोन प्रॉब्लेम शीट अपलोड करतात. जर्मन मुलं ती बॅगेत टाकून घरी जातात. भारतात घरी जायचं तर तिकीट परवडत नाही, आणि जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात परत हजर व्हायचं असतं. मग एक्स्चेंजवाला राहतो तिथंच.

त्या वर्षी कॅलेंडरनंही गंमत केली होती. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, हे एव्हाना अंगवळणी पडलं होतं. २५ आणि २६ डिसेंबर, दोन्ही सरकारी सुट्ट्या. त्यात २४ तारीख आली रविवारी. म्हणजे शनिवारी रात्री दुकानांची शटर पडली ती थेट बुधवारी सकाळी उघडणार. २३ तारखेला सुपरमार्केटात जे दृश्य होतं ते पाहून मला वाटलं, काहीतरी जाहीर झालंय आणि मला एकटीलाच ते कळलेलं नाही. दुधाचा कप्पा रिकामा, बटाट्यांच्या जाळ्या संपलेल्या, आणि गाड्या भरभरून रांगेत उभी राहिलेली माणसं, तीही जर्मन शांततेत, एकही धक्का न मारता. मी तांदूळ, टोमॅटो, दही आणि लोण्यासारखा दिसणारा एक पिवळा डबा घेतला. बुटरश्माल्त्स म्हणतात त्याला; उघडून वास घेतलात तर तूपच. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मुलांनी एकमेकांना द्यायच्या माहितीत ही गोष्ट सगळ्यात वरती असायला हवी, बँकेच्या खात्याच्याही आधी.

पण शटर पडायच्या आधीचा डिसेंबर फसवा असतो. ड्रेस्डेनचा नाताळ बाजार, स्ट्रीत्सेलमार्क्ट, १४३४ पासून भरतोय. सुरुवातीला तो एका दिवसाचा, नाताळाच्या आदल्या दिवशी लोकांना मांस मिळावं म्हणून भरवलेला बाजार होता. आता जवळजवळ महिनाभर चालतो. त्याबद्दल इतक्या जणांनी लिहिलंय की मी आणखी भर घालत नाही. भाजलेले साखरबदाम, गरम वाइनची वाफ, कपाची अनामत रक्कम, लाकडी पवनचक्क्यांसारखे फिरणारे मनोरे, हे सगळं फोटोत दिसतं तसंच असतं. संध्याकाळी चारलाच काळोख पडायचा, सकाळी आठ वाजून गेल्याशिवाय उजाडायचं नाही, आणि या मधल्या अंधारात तो बाजार झगमगत असायचा. लॅबमधून सुटलं की पाय आपसूक तिकडे वळायचे. गर्दी, धक्के, मुलांची रडारड, तळणाचा वास. आपल्या माणसाला सण म्हटल्यावर जे लागतं ते सगळं तिथं होतं. साहजिकच मला वाटलं की नाताळ म्हणजे हाच, आणि २४ तारखेला तो आणखी रंगेल.

बाजारातली एकच गोष्ट सांगते, कारण पुढे तिचा संबंध येतो. श्टोलन. सुकामेवा घातलेला, लोण्यात भिजवून वरून पिठीसाखरेनं पांढराधोप केलेला जडशीळ गोड पाव. नाताळाआधीचे आठवडे पूर्वी उपासाचे असत आणि उपासाला लोणी वर्ज्य. सॅक्सनीतल्या, म्हणजे ड्रेस्डेन ज्या प्रांतात येतं तिथल्या, बेकऱ्यांना तो पाव तेलात करावा लागायचा आणि तो अगदी बेचव व्हायचा. मग इथल्या राजघराण्यानं थेट रोमला अर्ज केला. पंधराव्या शतकाच्या शेवटी, आठव्या इनोसंट पोपच्या काळात, लोणी वापरायला लेखी परवानगी आली. उपासाला काय चालतं आणि काय नाही यावर जगात कुठंतरी इतक्या वरच्या पातळीवर पत्रव्यवहार झालेला आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. आमच्या घरी हा प्रश्न आत्या एका वाक्यात सोडवते.

तर, होस्टेल रिकामं व्हायला २० तारखेपासूनच सुरुवात झाली. आधी कॉरिडॉरमधल्या सायकली गेल्या. मग स्वयंपाकघरातल्या फ्रिजमधले नावाच्या चिठ्ठ्या लावलेले कप्पे मोकळे झाले. माझी फ्लॅटमेट जाताना साफसफाईच्या तक्त्यावर पुढच्या दोन आठवड्यांत स्वतःच्या नावापुढे काट मारून, त्या बदल्यात जानेवारीचे दोन आठवडे लिहून गेली. हिशेब चोख. शेवटी मजल्यावर उरलो आम्ही तिघं: मी, कोलंबियाचा एक मुलगा आणि पीएचडी करणारी एक इराणी ताई. तिघांचीही घरं विमानाशिवाय न गाठता येणारी. एरवी आम्ही एकमेकांना 'हॅलो'पलीकडे फारसं बोललेलो नव्हतो.

घरी फोन व्हायचे. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे. माझ्या संध्याकाळी पाचला आईची रात्री साडेनऊची आवराआवर चाललेली असायची. 'काय करतेयस?' 'काही नाही.' 'मग झोप काढ ना मस्त.' आईला माझा हेवा वाटत होता आणि तो अगदी रास्त होता. तिच्या आयुष्यात 'काही नाही' असा दिवस आलेला मला आठवत नाही.

मला नेमकं काय खुपत होतं ते त्या दिवसांत हळूहळू उमगत गेलं. घरापासून लांब असणं हे काही त्याचं कारण नव्हतं. दिवाळी त्या वर्षी १२ नोव्हेंबरला होती, तेव्हाही मी लांबच होते. पण तेव्हा भारतीय विद्यार्थ्यांनी एक हॉल घेतला होता आणि मला कांदे-बटाट्यांच्या टेबलावर उभं केलं होतं. दुपारपासून रात्रीपर्यंत नुसते बटाटे सोलले, वर कुणीतरी येऊन 'लहान फोडी कर की जरा' असं डाफरून गेलं. दिवाळी झाली की नाही, हा प्रश्न मला त्या रात्री पडला नाही. सणाच्या दिवशी मी घरात असते म्हणजे मला कामं सांगितली जातात. माळ्यावरून डबे काढ, सोऱ्या धू, पाटाखालची रांगोळी फिस्कटलीय ती नीट कर, मामाकडे फराळाचा डबा देऊन ये आणि लगेच ये, गप्पा मारत बसू नकोस. हे सगळं मला कटकटीचं वाटायचं. ड्रेस्डेनच्या खोलीत बसल्यावर कळलं की आपण सणात असतो ते या कामांमुळे असतो. ज्याला कुणी काम सांगत नाही तो पाहुणा, आणि पाहुण्याचा सण नसतो, फक्त जेवण असतं.

हे लिहिताना मला आईचा चेहरा दिसतोय. सणाचं काम वर्षानुवर्षं जिच्या एकटीच्या अंगावर पडतं तिला हे ऐकवायची माझी हिंमत नाही. कामाची आठवण येणं ही चैन, काम सोडून लांब जाता येतं त्यालाच परवडणारी. कॉलेजात असताना मीच घरातल्या पुरुषांना ताटं उचलायला लावण्यावरून वाद घातलेत, आणि ते वाद मी आजही घालीन.

लॅबमधल्या माझ्या पार्टनर मैत्रिणीनं मला नाताळाला घरी बोलावलं होतं. आमंत्रणही जर्मन पद्धतीचं, तीन आठवडे आधी आणि तपशिलासकट. ड्रेस्डेनहून कितीची गाडी, फ्लोहाला कुठल्या फलाटावर बदलायची, ओल्बर्नहाऊला बाबा गाडी घेऊन उभे असतील, २६ ला परत सोडतील. मांस खात नाहीस ना? मसूर चालतो? भेटवस्तू आणू नकोस. मी अर्थातच बेसनाचे लाडू केले. बुटरश्माल्त्समध्ये.

ओल्बर्नहाऊ हे एर्त्सगेबिर्गेतलं, म्हणजे सॅक्सनी आणि चेक प्रजासत्ताक यांच्या मधल्या डोंगररांगेतलं गाव. खनिजांचा डोंगर हा. बाराव्या शतकात फ्रायबर्गला चांदी सापडली आणि मग या डोंगरांत माणसं शेकडो वर्षं जमिनीच्या पोटात काम करत राहिली. हिवाळ्यात खाणकामगार उजाडायच्या आत खाली उतरायचा आणि अंधार पडल्यावर वर यायचा, उजेड त्याला रविवारीच दिसायचा. म्हणून इथल्या खिडक्यांत दिवे लावतात असं लोक सांगतात. ते खरं असो वा नंतर जुळवलेलं, डिसेंबरात त्या दरीत गाडी शिरली की पटतं. प्रत्येक घराच्या प्रत्येक खिडकीत लाकडी कमान आणि कमानीवर दिवे. काही खिडक्यांत खाणकामगार आणि देवदूत यांच्या लाकडी बाहुल्या, हातात मेणबत्ती धरलेल्या. घरात जितके मुलगे तितके खाणकामगार आणि जितक्या मुली तितक्या देवदूत अशी जुनी रीत. माझ्या मैत्रिणीच्या घराच्या खिडकीत दोन देवदूत होत्या. शेजारच्या घराच्या खिडकीत चार खाणकामगार. 'तिथं आवाज फार असतो,' ती म्हणाली.

बर्फ नव्हतं. नाताळ म्हटल्यावर आपल्याला जे पांढरंशुभ्र चित्र दिसतं ते त्या वर्षी पावसात वाहून गेलं होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला पडलेलं बर्फ रस्त्याकडेला काळपट ढिगांमध्ये उरलं होतं आणि वरून रिपरिप चालली होती. आजोबा त्याबद्दल खूप वैतागले होते, जणू पाहुणी आल्यावर घरात पसारा दिसावा तसे.

आणि मग ज्याची भीती होती तेच झालं. बूट काढले, घरातल्या चपला दिल्या, कोट घेतला आणि 'बस' म्हणाले. मी बसले. मैत्रिणीची आई आत-बाहेर करत होती, बाबा मसुराकडे बघत होते, बैठकीच्या खोलीचं दार बंद होतं कारण आत झाड सजवणं चाललं होतं आणि ते संध्याकाळपर्यंत कुणी बघायचं नसतं. मी काही करू का, असं विचारलं की सगळे एकसुरात, 'नाही नाही, तू बस!' चहा आला. श्टोलन आला; तो मधून कापतात आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना चिकटवून ठेवतात, म्हणजे कापलेली बाजू सुकत नाही. टेबलावर एक लाकडी म्हातारा चिलीम ओढत बसला होता. त्याच्या पोटात धूपाची कांडी लावतात आणि धूर तोंडातून निघतो. मी त्याच्याकडे बघत बसले. तो माझ्याकडे बघत बसला. दोघंही कामाचे नव्हतो.

सुटका केली ती आजीनं. आजीचं वय ऐंशीच्या पुढे आणि बोली अस्सल डोंगरातली. पुण्याच्या क्लासमध्ये बी टू पातळी पास झालेल्या माझ्या जर्मनला तिच्या बोलण्यातलं चौथं-पाचवं वाक्य लागायचं. तिनं स्वयंपाकघराच्या दारातून मला नुसतं बोटानं बोलावलं आणि हातात एक तागाची ओली पिशवी दिली. पिळ.

बटाट्याच्या गोळ्यांची, क्ल्योसेंची तयारी होती. निम्मे बटाटे कच्चे किसायचे, निम्मे शिजवून घोटायचे. किस आजोबांनी आधीच करून ठेवला होता. तो पिशवीत भरून पिळायचा, अगदी कोरडा होईपर्यंत. पाणी सुरुवातीला फिकट असतं, मग बघता बघता तांबूस तपकिरी होतं. मी पिळून पिळून मनगटं दुखवून घेतली. आजीनं पिशवी हातात घेऊन दाबून पाहिली आणि परत माझ्याकडे दिली. अजून. तेव्हाच मला पहिल्यांदा बरं वाटलं.

पिळलेलं पाणी तिनं फेकू दिलं नाही. पातेलं ओट्याच्या कडेला सरकवलं आणि काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही, पण कळायची गरजही नव्हती. सांगलीला उन्हाळ्यात कुरडयांचा चीक ज्यानं काढलाय त्याला हे सांगावं लागत नाही. भांड्याला धक्का लावायचा नाही, चमचा घालायचा नाही, वरचं पाणी निवळेपर्यंत वाट बघायची. गहू काय, बटाटा काय, सत्त्व तळाशीच बसतं. मी थोड्या वेळानं पातेलं दोन्ही हातांनी उचललं, एका बाजूला कलतं धरून वरचं तांबडं पाणी अगदी सावकाश ओतून टाकलं, आणि शेवटचा घोट राहिल्यावर थांबले. तळाशी पांढरी घट्ट चकती. बोटानं दाबली की करकर वाजणारी. आजीनं पातेल्यात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि लेकीला हाक मारून जे म्हणाली त्याचा अर्थ मैत्रिणीनं सांगितला: 'हिला येतंय. तुला कधी येणार?'

त्यानंतर मला कुणी बस म्हणालं नाही. ती चकती कुस्करून किसात मिसळली, वरून उकळता बटाट्याचा घोटा ओतला, मीठ घातलं. हात ओले करून गोळे वळायचे, प्रत्येकाच्या पोटात लोण्यात परतलेले पावाचे तुकडे. पाणी उकळू द्यायचं नाही, नुसतं हलतं ठेवायचं, नाहीतर गोळे फुटतात. मधेच मला तळघरातून बीटाची बरणी आणायला पाठवलं, मग ती नव्हे दुसरी म्हणून परत पाठवलं. काम चालू असताना आजी बोलत होती आणि मैत्रीण जमेल तसं जर्मनातून जर्मनात उलगडून सांगत होती. पूर्व जर्मनी असताना श्टोलनचं सामान जमवायला सप्टेंबरपासून लागायचं. बदाम, बेदाणे पश्चिमेतल्या नातेवाइकांच्या पार्सलातून यायचे. ज्यांचं तिकडे कुणी नाही त्यांनी काय करायचं? साखरेत मुरवलेल्या लिंबाच्या सालीऐवजी कच्चे टोमॅटो मुरवून घालायचे. संत्री यायची ती क्युबाची, हिरवट आणि चोथट, आणि त्यांच्यासाठीही रांग. 'पण रांगेत सगळ्या बातम्या कळायच्या,' आजी म्हणाली.

जेवणाआधी चर्चमध्ये गेलो. पूर्व जर्मनीत आज बहुतेक लोक कुठल्याच चर्चचे सदस्य नाहीत. या घरातले आजोबाही वर्षभर तिकडे फिरकत नाहीत. पण २४ ची संध्याकाळ वेगळी. उभं राहायला जागा नव्हती. गावातल्या मुलांनी येशूजन्माचं नाटक केलं, त्यात एका मेंढपाळाची दाढी सुटली आणि त्यानं ती पुढचा सगळा वेळ हातानं धरून ठेवली. परत येताना रस्त्यावर मात्र चिटपाखरू नाही. प्रत्येक जण आपापल्या घरात शिरला आणि दार लागलं. होस्टेलात राहिले असते तर माझ्या वाट्याला ही बंद दारांची बाजूच आली असती, हे तेव्हा लक्षात आलं. बाजार उठलेला, ट्राम रिकाम्या, आणि सण चाललेला भिंतींच्या आत.

ताटात नऊ पदार्थ. या डोंगरातलं नाताळचं जेवण नऊ पदार्थांचंच असतं आणि प्रत्येकाला काहीतरी अर्थ. मसूर खाल्ला की वर्षभर सुटे पैसे कमी पडत नाहीत, गोळे खाल्ले की मोठ्या नोटा. सॉवरक्राउट, बीटाची कोशिंबीर, सेलरीच्या कंदाची कोशिंबीर, अळंबी, दुधात भिजवलेला पाव. मला दोन सोडून सगळे चालले. नववा पदार्थ नेमका कोणता धरायचा यावर आई आणि आजीचं एकमत नव्हतं, आणि त्या आवाजावरून हा वाद दरवर्षीचा असावा. प्रत्येक ताटाखाली एक नाणं. आणि एक नियम: जेवण चालू असताना कुणीही टेबलावरून उठायचं नाही. मीठ ओट्यावर राहिलं होतं. सगळ्यांनी अळणी मसूर मुकाट खाल्ला.

भेटवस्तूंच्या वेळी मला आजीनं विणलेले लोकरी मोजे मिळाले. लाडवांचा डबा फिरला. आजोबांनी एक खाल्ला, थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग दुसरा घेतला. आजीनं लाडू फोडून आत बघितलं, वास घेतला, आणि हे कोणत्या पिठाचं म्हणून विचारलं. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ गोड होऊ शकतं यावर तिचा विश्वास बसायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सगळे खेळ मांडून बसले, तिसऱ्या दिवशी मी परतले. निघताना आजीनं एक ताकीद दिली: सहा जानेवारीपर्यंत कपडे धुवून दोरीवर घालू नकोस. या बारा रात्रींत आकाशातून भुताखेतांची वरात जाते आणि ती दोरीवरच्या कपड्यांत अडकली तर घराला अशुभ. मी मान डोलावली. होस्टेलवर आले तर तळघरातली सगळी वॉशिंग मशिन रिकामी. एरवी तिथं नंबर लावावा लागतो. मोह आवरला नाही. पण कपडे दोरीवर घातले नाहीत, ड्रायरमध्ये टाकले. शब्द पाळला. वरातीला ड्रायरबद्दल काही सूचना असतील तर त्या माझ्यापर्यंत आल्या नाहीत.

तो पाऊस आणि वितळलेलं बर्फ एव्हाना नदीत उतरलं होतं. नाताळानंतरच्या त्या आठवड्यात एल्बेला पूर आला. काठावरची कुरणं, सायकलचा रस्ता, बाकं, सगळं पाण्याखाली. मी आऊगुस्टुस पुलावर गेले तर अर्धं गाव तिथंच. सांगलीच्या माणसाला पूर बघायला जाणं कुणी शिकवावं लागत नाही. आमच्याकडे पाणी वाढलं की कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर किती फूट झालं एवढंच सगळे विचारतात. २०१९ ला ते ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हा आमच्या गल्लीनं रात्र गच्चीवर काढली. इथं लोक सेंटिमीटर विचारत होते. शेजारी उभे असलेले एक काका, जर्मन माणूस अनोळखी व्यक्तीशी आपणहून बोलत नाही हा माझा समज मोडून, सांगू लागले की २००२ च्या ऑगस्टमध्ये पाणी ९ मीटर ४० वर गेलं होतं आणि मुख्य स्टेशनात गुडघ्याच्या वर पाणी होतं. मी त्यांना कृष्णेचं सांगितलं. ते लक्षपूर्वक ऐकत होते. फुटांचे मीटर करून दिल्यावर त्यांनी शिट्टी मारली. सबंध सुट्टीतलं माझं अनोळखी माणसाशी झालेलं सर्वांत मोठं संभाषण ते.

वर्षाची शेवटची रात्र आम्ही उरलेल्या तिघांनी होस्टेलच्या स्वयंपाकघरात काढली. जर्मन टीव्हीवर त्या रात्री १९६३ साली चित्रित केलेली एक इंग्रजी विनोदी नाटिका लागते, दरवर्षी तीच, आणि माणसं दरवर्षी त्याच जागी हसतात. इराणी ताईनं तांदूळ लावला, मी पिठलं केलं. कोलंबियाच्या मुलानं दारात उभं राहून मी काही करू का म्हणून विचारलं, आणि माझ्या तोंडात 'नाही नाही, तू बस' हे आलंच होतं. मग मी त्याच्या हातात लसणाचा गड्डा दिला. सोलून झाल्यावर ठेचायला लावला. बारा वाजता त्यानं आम्हाला त्यांच्या रिवाजाप्रमाणे बारा ठोक्यांना बारा द्राक्षं खायला लावली. चौथ्यालाच ठसका लागून ताई बाद झाली. बाहेर फटाक्यांचा नुसता धडाका. एरवी वर्षभर रात्री दहानंतर गिटार वाजली तरी तक्रार करणारं हे शहर त्या एका रात्री कानठळ्या बसेपर्यंत बार उडवतं आणि पहिल्या तारखेला दुपारी शेजारीपाजारी स्वतःच झाडू घेऊन रस्त्यावर उतरतात.

जानेवारीत लेक्चर्स सुरू झाली. प्रॉब्लेम शीट कुणाचीच सुटली नव्हती. लॅबमध्ये मैत्रिणीनं माझ्यापुढे एक कागद ठेवला, आजीच्या तिरक्या अक्षरातला. लाडवांची कृती हवी होती. मी लिहून दिली: बेसन, बुटरश्माल्त्स, पिठीसाखर, वेलची. दोन दिवसांनी कागद परत आला, लाल पेननं प्रश्न घालून. 'अंदाजाने' म्हणजे किती ग्रॅम? मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सगळं मोजून ग्रॅम लिहिले. पुन्हा प्रश्न. पीठ किती मिनिटं भाजायचं? मिनिटं नाहीत, मी लिहिलं, खमंग वास सुटेपर्यंत. त्यावर उत्तर आलं: पण वास सुटला हे कसं ओळखायचं?

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या संध्याकाळी आईला फोन लावला आणि आजीचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

'तिला सांग,' आई म्हणाली, 'शेजारीण दारात येऊन काय करताय म्हणून विचारेपर्यंत.'